डायनामोवरचा शेंदूर

माझा नवरा कृष्णात लढाईवरून हातीपायी धड परत आला, ही देवाची कृपा. पण येताना त्याने पुण्याच्या लष्करी लिलावातून एक जुनी मोटार आणली आणि तिच्यात बसवायला एक रेडिओ आणला, ही कृपा कोणाची ते मला अजून कळलेलं नाही. "माज्यासाठी लुगडं?" असं विचारलं, तर म्हणाला, "लुगडं काय, कवाबी मिळतंय." सेहेचाळीस साली लुगडं रेशनवर होतं. कवाबी मुळीच मिळत नव्हतं.

आमचं गाव कराडजवळच्या मलकापुरापासून दोन कोसांवर. गावात वीज नव्हती, त्यामुळे रेडिओ चालायचा तो मोटारीच्या बॅटरीवर. सेट लष्करी होता. त्याला कानाला लावायची दोन डबडी, म्हणजे एका वेळी ऐकणार एकटाच आणि बाकीच्यांनी त्याचं तोंड बघत बसायचं. कृष्णात डोळे मिटून मान डोलवायचा, तेव्हा माझा असा संताप व्हायचा की विचारू नका.

माझे सासरे हंबीरराव मोटारीला मोटार म्हणत नसत, वाहन म्हणत. आणि वाहन म्हटलं की त्यात दैवत आलंच. झाकण उघडलं की इंजिनाच्या अंगाला डायनामो दिसतो. इंजिन सुरू झालं की तो पट्ट्याने फिरतो आणि बॅटरी भरतो. तो काळा, वाटोळा, मांडी घालून बसल्यासारखा ऐवज पाहून मामंजींनी पहिल्याच शनिवारी हात जोडले. "सगळी ताकद ह्याच्यात हाय म्हंतोस न्हवं? मग ह्यो मारुतीच." तेव्हापासून दर शनिवारी तेल-शेंदूर. वर्षभरात बोटभर थर चढला. कृष्णात इंजिनाचा प्रत्येक स्क्रू काढून पुसायचा, पण डायनामोपाशी आला की नमस्कार करून पुढे जायचा.

आता माझ्या सासूबाई, साळूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाई जात्यावर बसल्या की अख्खी आळी जागी होऊन ऐकत पडायची. सांगलीला एका लग्नात त्या हळद दळत होत्या. तिथे मुंबईच्या रेडिओवरच्या कोणी बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. महिन्याभरात पत्र आलं: पुढल्या पंधरवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता पंधरा मिनिटं ओव्या म्हणायला मुंबईस यावे.

मामंजी बिथरले. "जात्यावरचं रडगाणं त्ये! मुंबईला कोन ऐकनार हाय?" आठ दिवस नाही म्हणाले आणि नवव्या दिवशी स्वतःच आत्याबाईंना कराडच्या स्टेशनात घेऊन गेले. मुंबईला आत्याबाईंचा भाऊ होता, उतरायची सोय होती. मी पोचवायला बरोबर होते. आत्याबाईंनी पदर सावरला आणि खाली बघत विचारलं, "बाकीचं जाऊ द्या. तुमी तेवढं ऐकाल न्हवं?"

मामंजींनी रुळाकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी आली."

गाडी यायला अजून अर्धा तास होता.

घरी आल्यापासून त्यांच्या पानात अर्धी भाकरी तशीच राहायची. शेवटी मंगळवारी कृष्णातला म्हणाले, "किस्ना, गुरवारी त्या यंत्रात तुजी आई आली पायजे. सगळ्यांस्नी ऐकू आली पायजे. मला आदी."

कृष्णातला तेवढंच हवं होतं. त्याने मलकापुरातून इलाहीला आणलं. इलाही भांड्यांना कल्हई करायचा, स्टोव्ह दुरुस्त करायचा आणि ग्रामोफोन बिघडला तर तोही उघडायचा. त्याने कानाची डबडी काढून टाकली आणि त्या जागी एक मोठा कर्णा, म्हणजे लाउडस्पीकर, जोडला. आधी तो रॉकेलच्या डब्यात बसवला, तर डबाच थरथरायला लागला. निवेदक बोलतोय की कोणी पत्र्यावर खडे टाकतंय, काही कळेना. मग दोघांनी घरभर लाकूड शोधलं आणि दोघांची नजर एकाच ठिकाणी थांबली: माझी माहेरची आंब्याच्या लाकडाची पेटी.

"वैनी, फकस्त झाकनाला भोक पाडतो," इलाही म्हणाला.

"पाड," मी म्हणाले, "तुझ्या बायकोच्या पेटीलाबी पाडलंस का कधी?"

तरी दिली. आत्याबाईंसाठी दिली, नवऱ्यासाठी नव्हे. पेटीतून पहिला आवाज आला तेव्हा मात्र मी कबूल केलं, की माणूस समोर बसून बोलतोय असा तो गोल आणि भरदार होता.

पण खरी पीडा पुढेच होती. बॅटरी म्हातारी. इंजिन बंद ठेवून रेडिओ लावला तर सात-आठ मिनिटांत मान टाकायची. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, तर कर्ण्यातून असा काही कालवा यायचा की त्यात गाणं ऐकणं म्हणजे गिरणीत बसून कीर्तन ऐकणं. बंद ठेवलं तर आत्याबाई अर्ध्यात जाणार, चालू ठेवलं तर येणारच नाहीत. आणि हे गाणं काही तबकडीवर निघणार नव्हतं. एकदा वाऱ्यावर गेलं की गेलं.

कृष्णात मात्र खुशीत आला. "राही, नीट ऐक. ह्यात दोन आवाज हायेत. एक टक्-टक्, दुसरा घूंऽऽ." खरंच दोन होते. टक्-टक् प्लगच्या ठिणग्यांचा. त्यावर लष्करी गाड्यांत एक उपाय असतो, प्लगच्या तारांत कोळशाच्या बारीक कांड्या बसवायच्या. असल्या चार कांड्या त्याने ट्रंकेत मोज्यांत गुंडाळून ठेवल्या होत्या. लग्नातला माझा फोटो त्याने इतका जपला नव्हता. कांड्या बसवल्या आणि टक्-टक् गेला.

घूंऽऽ राहिला. इंजिनाचा वेग वाढवला की तो चढायचा, कमी केला की उतरायचा. "म्हंजे डायनामो," कृष्णात म्हणाला. त्यालाही उपाय होता, कंडेन्सर. बोटाएवढी पत्र्याची नळी, तिची तार डायनामोच्या तारेला जोडायची आणि तिचं अंग डायनामोच्या अंगाला घट्ट लावायचं, की गोंगाट तिथल्या तिथे जिरतो. खरं तर ती नळी स्क्रूने बसवतात. पण मारुतीला भोक कसं पाडायचं? म्हणून त्याने ती वरून पत्र्याच्या पट्टीने आवळली.

घूंऽऽ तसाच.

नळी बदलली. पट्टा बदलला. तारा सोडल्या, पुन्हा जोडल्या. बुधवार गेला. गुरुवारचे पाच वाजले, अंगणात गाव जमलं, बायका पोरं घेऊन आल्या, आणि मोटार आपली घूंऽऽ करतेच आहे. तपासण्यातच बॅटरी संपत आली, आता इंजिन बंद ठेवून रेडिओ लावायचीही सोय उरली नाही. मामंजी ओट्यावर बसले होते. हातातलं पागोटं नुसतं उलटंसुलटं करत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

सव्वापाचला मी चहा घेऊन मोटारीपाशी गेले. इलाही पट्टी पुन्हा आवळत होता आणि बोटं शेंदराने लाल झाली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आरं, भांडं घासल्याबिगर कल्हई बसती व्हय?"

इलाहीचा हात थांबला. त्याने मान खाली घातली. त्याला ते परवाच दिसलं होतं! शेंदराखाली लोखंड झाकलं गेलंय, नळी लोखंडाला लागतच नाही, हे कल्हईवाल्याला कळणार नाही तर कोणाला? पण दुसऱ्याच्या देवाविषयी आपण कसं बोलावं, म्हणून बिचारा दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. आणि माझ्या लष्करी नवऱ्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. शेंदूर खरवडता येतो हा विचारच त्याच्या डोक्यात शिरत नव्हता.

आता सगळे मामंजींकडे बघायला लागले.

मामंजी उठले. मोटारीपाशी आले. डायनामोला हात जोडले. मला वाटलं, संपलं.

"आपल्या येशीवरच्या मारुतीनं गेल्या साली खोळ टाकली का न्हाई?" ते म्हणाले. "शेंदराचा थर लय झाला की द्येव आपनच टाकतो. ह्या द्येवाला सवड मिळाली नसंल. राही, उलथनं आन."

मी उलथणं आणलं, राख आणली, काथ्या आणला. कोणाला हात लावू दिला नाही त्यांनी. मारुतीचं नाव घेत स्वतः खरवडलं, निघालेला शेंदूर केळीच्या पानावर घेतला, कोयनेत सोडायला. मग मी राखेने घासलं. लोखंड असं लखलखलं की त्यात माझं नाक दिसलं. इलाहीने नळी आवळली. कृष्णातने हँडल मारलं.

इंजिन सुरू झालं. आणि कर्ण्यातून घूंऽऽ आला नाही.

निवेदक बाई स्वच्छ बोलत होत्या. सातारा जिल्ह्यातल्या साळूबाई आता जात्यावरच्या ओव्या म्हणतील, म्हणाल्या. बायकांनी एकदम हात तोंडावर नेले. मग थोडा खोकला. तो आमच्या घरचा खोकला होता, मी हजारांत ओळखला असता. आणि आत्याबाईंचा आवाज माझ्या पेटीतून अंगणात आला.

पहिली ओवी जात्याची, दुसरी भावाची, तिसरी लेकाची. लेकाची आली तेव्हा माझा नवरा इंजिनाच्या झाकणाआड तोंड लपवून उभा राहिला. मामंजी कर्ण्यासमोर जमिनीवरच बसले होते. हलत नव्हते. मग आत्याबाईंनी दम घेतला आणि म्हणाल्या:

"नाव घेते भरताराचं, मुंबईच्या दारामंदी,
हंबीरराव ऐकत्यात, बसून गं शिवारामंदी."

चाळीस वर्षांच्या संसारात हे नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव उखाण्यात घेते तेवढंच, आणि उखाण्याचं वयही त्यांचं कधीच सरलं होतं. आता ते सगळ्या मुलखाने ऐकलं. अंगणात असा हशा उसळला की पुढच्या दोन ओव्या कोणाला ऐकूच आल्या नाहीत. मामंजीही हसत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

कार्यक्रम संपला. ते उठले, पागोटं डोक्यावर नीट बसवलं आणि मोटारीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"किस्ना, चल. कराडच्या ठेसनावर."

"आबा, आई परवा येनार हाय!"

"म्हाईत हाय मला," मामंजी म्हणाले. "तिनं इचारलं हुतं, ऐकाल न्हवं म्हनून. ती गाडीतनं उतरायच्या आत मला 'व्हय' म्हनायचं हाय."