उजळमाईचा बिननावाचा लेप

पार्लरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उजळमाई समोरच्या बाईच्या गालावरून बोट फिरवत सांगत होती, सुरकुत्या म्हणजे मनात साठलेलं दुःख आणि मुरमं म्हणजे गिळलेला राग. तिच्या मंतरलेल्या लेपाने दोन्ही सोलून निघतात. लेपाने तुकतुकीत झालेल्या दोन बायका पुरावा म्हणून शेजारीच मांडून ठेवल्या होत्या. गर्दी डोळे विस्फारून बघत होती.

आमची वहिनी मात्र तोच लेप लावून एकोणीस दिवस पडदे ओढून खोलीत बसली होती. चेहरा लालभडक, कातडीचे पापुद्रे निघालेले, हसायला गेली की ओठांच्या कडा चिरायच्या. लेप बंद कर म्हटलं, तर म्हणाली, "मध्येच सोडला की सगळं दुपटीने परत येतं म्हणे. लावला तरी आग, सोडला तरी भीती. मी अडकलेय गं."

मी तिला नियम विचारले. लेप फक्त रात्री लावायचा, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, वाटाण्याएवढाच, डोळे-ओठ टाळून. आणि उन्हात जायचं नाही. आग झाली तर दुःख निघतंय असं समजून आणखी लावायचा.

शेवटचा सोडून बाकीचे नियम मला तोंडपाठ होते. मी औषधांच्या दुकानात काम करते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या एका क्रीमच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, त्यावर हेच छापलेलं आहे. आणि ते क्रीम उजळमाईला मीच विकत होते, एकाच जुन्या चिठ्ठीवर, दर आठवड्याला दहा ट्यूबा. नेहमीचं गिऱ्हाईक, म्हणून चिठ्ठीवरची तारीख कधी बघितलीच नाही. सांगायला लाज वाटते.

वहिनीच्या तोंडाला स्कार्फ गुंडाळून तिला पार्लरमध्ये घेऊन गेले. लेपाचा मंत्र कोणता, असं विचारलं. उजळमाई म्हणाली, तो गुप्त असतो.

"छापील आहे," मी म्हटलं आणि कागद उघडून वाचायला लागले.

वाटाण्याएवढं, कोरडा चेहरा, ऊन टाळा. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पापुद्रे आणि आग हा औषधाचाच परिणाम. फार झाल्यास थांबा, डॉक्टरांना भेटा, असं कागद सांगत होता. पुढची ओळ उजळमाईने गाळली होती, नाहीतर तिची निम्मी गिऱ्हाइकं गेली असती: गरोदर असाल, किंवा तशी शक्यता असेल, तर वापरू नका.

वहिनीने माझा दंड घट्ट धरला. "पाळी चुकलीय माझी," ती हळूच म्हणाली. "पंधरा दिवस झाले. अजून कुणाला सांगितलं नाही."

उजळमाई आतल्या खोलीत सटकली. मागोमाग गेलेल्या बायकांना तिथे पिळून टाकलेल्या ट्यूबांचा ढीग आणि शेजारी लेप भरलेल्या बिननावाच्या डब्या सापडल्या.

आम्ही तडक डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासून दिवस गेल्याचं सांगितलं, लेप बंद करून साधं मलम दिलं. चेहरा काही आठवड्यांत भरून येईल, म्हणाल्या. कातडीतून अंगात फार थोडं औषध जातं, घाबरू नकोस, पण सगळ्या तपासण्या वेळेवर करू. वहिनी मान हलवत होती, पण माझा हात सोडत नव्हती.

औषध वाईट नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते कितीतरी चेहरे सुधारतं. त्याचं नाव लपवून विकणं वाईट. डबीवर नाव नसेल तर विचारा, आणि सांगितलं नाही तर तोंडाला लावू नका. दुकानदाराने ताजी चिठ्ठी मागितली, तर त्याच्यावर चिडू नका. मी ती मागितली असती, तर आनंदाची बातमी सांगताना आमच्या वहिनीचा आवाज थरथरला नसता.