चादरीखालची आठ रिळं

वहिनी घराच्या पुढच्या खोलीत बेल्ट शिवायची. पँटचे नव्हेत. उंच इमारतींना रंग देणारी माणसं दोरावर लटकतात ना, त्यांच्या छातीला आणि मांड्यांना आवळून बसणारे जाड पट्ट्यांचे बेल्ट. त्या माणसांचा जीव शिवणीवर असतो, हे वहिनीला कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण त्यांतला एक तिचा सख्खा दीर होता.

दिराला सगळे पतंग म्हणत. अंगाने काडीपैलवान आणि सदा आभाळात. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा हा आठ वर्षांचा होता, शर्टाला दोन बटणं कमी. नवरा बोटीवर कामाला, वर्षातून दोन महिने घरी. तेव्हा पतंगाला वाढवायचं, रागवायचं आणि आजारपणात उशाशी बसायचं काम तिच्याच वाट्याला आलं. तो तिला वहिनी म्हणे, म्हणून कामावरचे सगळेच, अगदी पांढऱ्या मिशांचा मुकादमसुद्धा, तिला वहिनीच म्हणत.

पतंगाला एक खोड होती. नवा बेल्ट मिळाला की पहिल्याच दिवशी वर जाऊन तो दोन्ही हात सोडायचा आणि पाठ मागे झोकून द्यायचा. "वहिनीच्या हाताची शिवण आहे, लेको!" असं ओरडून सगळ्यांना दाखवायचा. एकदा वहिनीने ते डोळ्यांनी पाहिलं आणि संध्याकाळी त्याला ताट न वाढता असं काही फैलावर घेतलं की शेजारचे डोकावले. तो गालातल्या गालात हसत राहिला. "तुझ्यावर भरवसा आहे म्हणून सोडतो ना हात," म्हणाला. तिने ताट वाढलं.

आता त्या रिळांकडे येऊ.

बेल्टचा जाड दोरा दूरच्या एका गोदामातून यायचा. तिथल्या लोकांची खोकं भरायची एक रीत होती. खोक्यात बारा भरलेली रिळं, आणि ती एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधल्या फटींत पुठ्ठ्याची रिकामी रिळं कोंबलेली. ती रिकामी रिळं वहिनी फेकून द्यायची. या खेपेला तिने खोकं उघडलं, तर फटींतली आठही रिळं भरलेली. काळा, जाड, चकचकीत दोरा. विकतच्या बारांत आणि या आठांत तसूभर फरक नाही.

"चुकून आली असतील," वहिनी म्हणाली. "कळवायला हवं."

पतंग चहा पीत बसला होता. त्याच्यातला वकील जागा झाला. "फटीतलं सगळं तू आजवर आपलंच मानलंस की. रिकामी रिळं परत पाठवलीस कधी? मग भरलेली काय म्हणून पाठवायची? ठेव गुपचूप. कोण विचारतंय?"

तिला हसू आलं. पटलं नव्हतं, पण फुकटची गोष्ट पटवून घ्यायला माणसाला कितीसा वेळ लागतो! तिने ती आठ रिळं कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आणि वर जुनी चादर घातली. चोरून आणलेली नव्हती. तरी चादर घातली.

आणि तिथून तिच्या मागे भुंगा लागला. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं. दारावर टपालवाला आला तरी तिला वाटे, गोदामातूनच माणूस आला. नऊ दिवस ती आपल्याच घरात पाहुण्यासारखी दबकून वावरत होती. मधे गोदामातून खरंच फोन आला. त्यांना फक्त नवा पत्ता लिहून घ्यायचा होता. "बाकी सगळं नीट मिळालं ना?" असं फोनवरच्या बाईंनी सहज विचारलं आणि वहिनी "हो हो" म्हणून मोकळी झाली. मग दिवसभर तो "हो हो" तिच्या कानात वाजत राहिला.

आठव्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, सहा बेल्ट संध्याकाळपर्यंत हवेत. अर्ध्या कामात, सहाही बेल्टच्या मांडीच्या शिवणी बाकी असतानाच, विकतचा दोरा संपला. दुकान लांब, खालचा खण जवळ. वहिनीने चादर बाजूला केली आणि एक रीळ काढलं. मशीनवर दोरा दोनदा तुटला. तिने सुईला शिव्या घातल्या आणि सुई बदलली. तिच्या सवयीप्रमाणे प्रत्येक बेल्टच्या आतल्या बाजूला पिवळ्या दोऱ्याने आकडा शिवला: एक्केचाळीस ते शेहेचाळीस. पतंग सहाही बेल्ट खांद्यावर टाकून घेऊन गेला. चव्वेचाळीस नंबरचा त्याने स्वतःसाठी बाजूला काढला, कारण त्याला म्हणे त्याचं बक्कल आवडलं.

नवव्या दिवशी सकाळी पतंग कामावर गेला आणि वहिनीने दुसरं रीळ काढायला खण उघडला. हात चादरीवरच थांबला. आठ रिळांपायी आपण झोप घालवली, भूक घालवली, आणि आता सवय लावून घेतोय, हे तिला एकदम दिसलं. तिला स्वतःचीच शिसारी आली. ती उठली आणि तिने गोदामाला फोन लावला.

"बाई, मी त्या दिवशी खोटं बोलले," तिने सुरुवातच तिथून केली. "माझ्या खोक्यात फटींमध्ये आठ भरलेली रिळं आली होती. मी ठेवून घेतली."

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "काळी?"

"काळी."

"रिळाच्या बुडाशी लाल ठिपका आहे का, बघा जरा."

वहिनीने रीळ उलटं केलं. मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका. रिळाचं बूड कधी कुणी बघतं का! "आहे," ती म्हणाली.

बाईंचा आवाजच बदलला. "वापरू नका! तो माल बाद आहे. ट्रकमध्ये बॅटऱ्यांच्या शेजारी होता, ॲसिड सांडलं त्याच्यावर. वरून धडधाकट दिसतो, पण आतून गेलाय. जाळायला म्हणून वेगळ्या फळीवर ठेवला होता. पॅकिंगला नवीन बाई आल्यात, त्यांना वाटलं फटीत कोंबायची रिळं तीच. आम्ही समजत होतो, जाळली गेली. एखादं वापरलं नाही ना तुम्ही?"

"नाही" हा शब्द वहिनीच्या जिभेच्या टोकावर आला होता. नऊ दिवसांची सवय.

"वापरलं," ती म्हणाली. "बेल्टला. माणसं लटकतात त्या बेल्टला."

"मग उभ्या काय राहिलात, बाई? पळा!"

वहिनी पळाली. पायात चप्पल एकच होती, हे तिला पुढे कोपऱ्यावर कळलं. तिथे तिने तीही सोडली. पळता पळता मुकादमाला फोन लावत होती. नुसता वाजत होता. पतंगाचा लावून उपयोग नव्हता. वर जाताना सगळ्यांचे फोन मुकादमाच्या पेटीत जमा होत. अंतर दीड बसथांब्याचं, आणि बस दिसत नव्हती. आज नव्या बेल्टचा पहिला दिवस. तो हात सोडणार. हे एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं, पावलागणिक. भाजीच्या टोपलीला धक्का लागला, कुणी तरी ओरडलं. शर्टाला दोन बटणं कमी असलेला तो पोरगा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

इमारतीपाशी रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता. कानठळ्या बसतील असा. वहिनीने वर पाहिलं. नवव्या मजल्याशी, अर्ध्या रंगवलेल्या भिंतीवर, पतंग लटकत होता.

"खाली ये!" ती किंचाळली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने दोन्ही हात वर करून हलवले.

ते मात्र त्याला दिसलं. वहिनी गंमत बघायला आली, असं वाटून तो खूश झाला. त्याने पाय भिंतीला टेकले, दोन्ही हात सोडले आणि पाठ मागे झोकून दिली.

तो हात पसरून झुलत होता, एकदा, दोनदा, तोंड भरून हसत. वहिनी कॉम्प्रेसरकडे धावली आणि तिने त्याचा खटका खाली ओढला. अचानक सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत, लहानपणी तो गच्चीच्या कठड्यावर चढला की काढायची त्याच आवाजात, ती ओरडली, "पतंगा! दोर धर! दोन्ही हातांनी धर आणि तसाच खाली ये!"

त्या आवाजापुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं. त्याने दोर धरला.

"काय झालं?" मुकादम धावत आला. "मशीन का बंद केलंत?"

वहिनी पतंगावरून नजर हटवायला तयार नव्हती. आठवा मजला. सातवा. "या बेल्टबरोबरचे बाकीचे पाच कुठे आहेत?"

"तीन इथेच, पेटीत. दोन पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर पाठवले सकाळी. का?"

"त्यांना उतरवा. आत्ताच."

"अहो वहिनी, काम चालू आहे तिथे. बक्कल ढिलं आहे का? जेवणाच्या सुट्टीत बदलून घेऊ."

पाचवा. चौथा. मुकादमाचं बोलणं कानावरून गेलं, वहिनी मजले मोजत होती. पतंग खाली पोचला. बेल्टचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं; त्याने तिचा चेहरा पाहिला आणि चादरीखालची रिळं आठवून त्याला सगळं उमगलं. तो हुशार होता, एवढं खरं. अगदी जवळ येऊन पुटपुटला, "बक्कलच म्हण. दोऱ्याचं नाव काढू नकोस, वहिनी. उद्यापासून कुणी काम देणार नाही तुला."

बक्कल म्हटलं असतं तर ती दोन माणसं जेवणाच्या सुट्टीपर्यंत टाकीवर लटकत राहिली असती. कुणाची तरी मुलं, कुणाचे तरी दीर.

"बक्कल नाही, मुकादम," वहिनी म्हणाली. रंगारी भोवती जमले होते. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "दोरा कुजका आहे. तो माझा नव्हताच. चुकून जादा आलेला. मी लपवून ठेवला आणि त्याने शिवलं. एक्केचाळीस ते शेहेचाळीस, सहाही बेल्ट."

मुकादमाने फोन काढून टाकीखालच्या पहारेकऱ्याला लावला. फोन वाजत होता. कुणी उचलत नव्हतं. त्याने पुन्हा लावला. वहिनीने पदर तोंडात धरला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून आवाज आला. मुकादम त्यावर खेकसला, आणि मग कान लावून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"उतरले दोघंही," तो म्हणाला.

मग त्याने पतंगाच्या अंगावरचा बेल्ट सोडवला, लोखंडी आकड्याला अडकवला आणि खाली पाण्याने भरलेलं रंगाचं पिंप टांगलं. बेल्टने पिंप पेललं. वहिनीला वाटलं, उगाच आपण तोंड उघडलं. मुकादमाने पिंपाला नुसता झोका दिला. टरकन आवाज झाला आणि मांडीची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवत गेली. पिंप जमिनीवर आपटून फुटलं, पाणी सगळ्यांच्या पायांत आलं.

पतंग होता तिथेच, चिखलात बसला.

"आणि आधीचे चाळीस?" मुकादमाने विचारलं.

"ते चांगल्या दोऱ्याचे आहेत."

"हे मी कशावरून मानू, वहिनी?"

मुकादमाने पेटीतून सतरा नंबरचा काढला, त्याला दोन पिंपं टांगली, झोके दिले, स्वतः लोंबकळला. शिवण हलली नाही. तरी त्याने बेल्ट पुढे केला तेव्हा एकही रंगारी हात पुढे करेना. जो तो आपल्या पायांकडे बघत होता. त्यांची काही चूक नव्हती. वहिनीने डोळे पुसले आणि जायला वळली.

"आण इकडे," पतंग म्हणाला.

तो उठला होता. बक्कल लावताना बोटं सारखी निसटत होती. "सहा वाईट आहेत हे तिनेच सांगितलं ना?" तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "मग हा चांगला आहे, हेही तिचंच ऐकतो."

"आज नको रे जाऊस," वहिनी म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

तो गेला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. वहिनी मान वर करून उभी होती, अनवाणी, चिखलात. नवव्या मजल्याशी पोचल्यावर त्याने खाली पाहिलं. उजवा हात दोरावरून सवयीने थोडासा सुटला. मग तो हात परत दोरावर गेला आणि दिवसभर तिथेच राहिला.