एक, दोन, पावणेतीन

गोळाफेकीत मी शाळेत पहिली आले, तेव्हापासून आमच्या घरात घट्ट बसलेलं प्रत्येक झाकण माझ्याकडे येतं. मला ते आवडतंच. दोन वर्षांपूर्वी हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे आणि आता खेळाचे सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून सांगतात, बाई गं, हळू बोल. त्यामुळे आईची कंबर धरली आणि डॉक्टरांनी तिला दहा दिवस आडवं राहायला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, आजोबांचं मी बघते. शाळेला सुट्टी होती. बाबा लांब पुलाच्या कामावर. त्यांनी फोनवर तीनतीनदा विचारलं, झेपेल ना? मी म्हणाले, गोळा तीन किलोचा, आजोबा सोळा गोळ्यांचे. त्यात काय एवढं!

दीड वर्षापूर्वी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय तेव्हापासून रुसलेले. त्याआधी चाळीस वर्षं ते एका सात मजली कचेरीत लिफ्टमन होते. आता बोलणं थोडं जड झालंय, पण विनोद शाबूत आहेत. मला ते पैलवान म्हणतात.

आई अंथरुणाला खिळली तशी काकांनी शहराबाहेरच्या एका सेवाकेंद्रात आजोबांसाठी खोली बघितली. काका वाईट नाहीत. ते आईच्या गादीशी बसून म्हणाले, “वहिनी, तुम्ही मोडून पडलात तर दोघांना कोण बघणार?” शेवटी असं ठरलं, की दहाव्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या ताई येतील आणि बघतील. एका माणसाच्या आधाराने आजोबा स्वतः खाटेवरून उठून खुर्चीत बसले, तर घरीच राहतील. नाहीतर ती खोली. आजोबा हे सगळं ऐकत भिंतीकडे बघत होते.

आईची त्यांना उठवायची एक पद्धत होती. आधी त्यांना खाटेच्या कडेला सरकवायचं, पाय मागे घ्यायला लावायचे, त्यांच्या कमरेला पट्टा बांधायचा, त्यांच्या दुबळ्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवायचा. मग दोघं मिळून मोजायचे: एक, दोन, पावणेतीन, तीन. पावणेतीन हा आजोबांचा हट्ट. तिथे ते श्वास भरून घेत, आणि तीनला डाव्या हाताने खाट दाबून उठत. उठत म्हणजे कधी पहिल्यांदा, कधी पाचव्यांदा. पुन्हा बसत, पुन्हा मोजत. मी दारात ब्रश तोंडात धरून बघत असे आणि वाटे, एवढ्यात माझं दप्तर भरून होईल.

मी पहिल्याच सकाळी त्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. चार सेकंदांत खुर्चीत. आजोबा खूश. म्हणाले, “लिफ्ट आली म्हटल्यावर जिना कोण चढतंय?” मला वाटलं, वा, काय कौतुक केलंय! शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, मोजलंत ना? मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तर मी उचलता उचलता मोठ्याने एकदोनपावणेतीनतीन म्हणायला लागले, म्हणजे तिला बरं वाटावं. त्यांची बटणंही मीच लावायची, पटापट. नऊच्या आत सगळं आटपून मी गॅलरीत दंडाचे व्यायाम करत असे. मला वाटत होतं, आईला हे जमत नव्हतं ते मला किती सहज जमतंय.

सहाव्या दिवशी आईला कमरेला पट्टा बांधून घरातल्या घरात थोडं चालायची परवानगी मिळाली. ती भिंत धरत धरत आली, तेव्हा आजोबा माझ्या हातांत अर्धे अधांतरी होते.

“खाली बसव त्यांना,” ती म्हणाली.

मग तिने आजोबांना सांगितलं, तुम्ही उठा बघू. आजोबांनी खाटेवर डावा हात टेकवला. मोजून झालं. ते जागचे हललेच नाहीत. पुन्हा मोजलं. मग त्यांनी तो एक हात उचलून माझ्याकडे पसरला, लहान मूल कडेवर घ्यायला सांगतं तसा.

मी माझे दोन्ही हात पाठीमागे लपवले.

मला वाटलं आई आता झाडते. ती खुर्चीचा आधार घेऊन उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, “उचलायची ताकद माझ्यात नव्हतीच गं. म्हणून तर ते उठत होते.”

“मग तुझी कंबर कशी गेली?”

ती म्हणाली, की एकदाच उचललं होतं. तुझ्या स्पर्धेच्या दिवशी. उशीर होत होता.

मला आठवलं. त्या दिवशी ती मैदानाच्या कुंपणाला रेलून उभी होती आणि टाळ्या एकाच हाताने कुंपणावर वाजवत होती. मी घरी येऊन म्हटलं होतं, सगळ्यांच्या आया नीट बसल्या होत्या, तू अशी काय उभी?

उरलेले चार दिवस मी माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावला, एक हात पट्ट्यावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या पाठीमागे, म्हणजे तो उचलायला धावणार नाही. हे गोळ्यापेक्षा जड होतं. आजोबा चिडायचे, लिफ्ट बंद पडली का म्हणायचे. एकदा मला ‘दगड’ म्हणाले. एका सकाळी अकरा वेळा मोजलं आणि ते उठलेच नाहीत. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. आई दीड वर्ष रोज हे करत होती आणि तिचा नळ मी कधी ऐकला नव्हता. किंवा ऐकला असेल आणि तिला म्हटलं असेल, आई, लवकर आटप ना.

दहाव्या दिवशी ताई आल्या, काका आले. पहिल्यांदा मोजलं. आजोबा हलले नाहीत. दुसऱ्यांदा चार बोटं वर आले आणि परत बसले. काका न राहवून पुढे आले. आईने त्यांची बाही धरली. माझा मागचा हात आपोआप सुटत होता, मी तो ओढणीत अडकवला.

एक. दोन. पावणेतीन. आणि आजोबा तीनची वाटच न बघता उठले. पाय थरथरत होते, मान वाकडी झाली होती, पण त्यांचं वजन त्यांनी स्वतः उचललं होतं. माझ्या हातात नुसता पट्टा होता. वळून खुर्चीत बसल्यावर म्हणाले, “सातवा मजला.”

ताई हसून म्हणाल्या, घरी राहू दे यांना. मग आईकडे वळून म्हणाल्या, पण या बाईंना आठवड्यातून निदान दोन दिवस सुट्टी पाहिजे, ती कोण देणार? काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, शनिवार-रविवार मी येतो, मला दाखवा.

आजोबांना परत खाटेवर न्यायचं होतं. काकांनी वाकून सरळ त्यांच्या काखेत हात घातले.

“काका,” मी म्हणाले, “हात मागे.”