किनारा

गाण्याच्या बाईंनी हजेरीपट उचलला, उगाच चाळला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. शेवटच्या बाकावर मोठ्या बाई पेन उघडून बसल्या होत्या. आजचा तास पाहून त्या ठरवणार होत्या, पुढच्या वर्षी गाणं शिकवायला बाई हव्यात की नुसतं ॲप पुरेल.

गेल्या सहामाहीपासून सगळंच उलटं झालं होतं. शिकायचं घरी, बाईंचा व्हिडिओ पाहून, आणि वर्गात येऊन फक्त गायचं. ॲप प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकायचं आणि निकाल द्यायचं, घरी मोबाइलवर, वर्गात भिंतीवरच्या पडद्यावर: जमलं तर हिरवा ठिपका, चुकलं तर लाल. मुलं त्याला पंच म्हणायची. पंचाला नमुना म्हणून बाईंचाच व्हिडिओ दिलेला होता, एवढीच काय ती बाईंची पत उरली होती.

बाईंनी हात वर केला. अठ्ठावीस मुलांनी कॉलरला लावलेले छोटे माइक सारखे केले आणि नावेचं गाणं वर्गात पहिल्यांदाच सुरू झालं. पहिली ओळ छान गेली. दुसरी ओळ 'किनारा' या शब्दावर संपत होती.

"किना..." मुलं म्हणाली. थांबली. सगळ्यांनी मिळून श्वास घेतला. "...रा!"

बाईंनी चमकून पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर मात्र हिरवे ठिपके भराभर उमटत होते.

ती जागा बाई ओळखून होत्या. हिवाळ्यात आलेल्या तापानंतर त्यांचा श्वास पुरेनासा झाला होता. घरचे सोडून कुणाला त्याचा पत्ता नव्हता. व्हिडिओ करताना नेमका 'किना'वर दम संपला, तेव्हा मोबाइल धरून उभी असलेली लेक म्हणाली होती, "आई, परत घेऊया का?" आधीच चार वेळा घेऊन झालं होतं. "राहू दे गं," बाई म्हणाल्या होत्या, "एवढं कुणाला कळतंय!" वर्गात शिकवलं असतं तर त्यांनी ही चूक पहिल्याच दिवशी पकडली असती. पण मुलं घरी शिकली होती, अगदी मन लावून, आणि बाईंचं दुखणं वर्गभर पाठ झालं होतं.

"तो एक लाल कुणाचा?" मागून मोठ्या बाईंनी विचारलं.

हिरव्या ठिपक्यांत एकच लाल होता. तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. ती बोलायची इतकी कमी, की वर्गाने तिचं नावच 'गुपचूप' ठेवलं होतं.

"घरी व्हिडिओ बघत नाहीस का?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बघते ना. रोज बघते." तिने फ्रॉकची कड मुठीत धरली. "दोन आठवडे घरीही रोज लालच येतंय."

"मग सराव वाढव. बाकीच्यांना जमतंय की!"

बाईंना खरं तर सुटल्यासारखं झालं. आता नुसती मान हलवायची, की तास पार पडला. मोठ्या बाईंच्या कानाला काही खटकलेलं दिसत नव्हतं. गुपचूपचे डोळे भरून आले होते आणि ती खाली बघत बसायला लागली होती.

"बसू नकोस," बाई म्हणाल्या. "ती ओळ एकटी म्हण बरं."

ती गायली. बारीक आवाज, पण शब्द सलग, 'किनारा' थेट टोकापर्यंत. पंचाने लाल ठिपका दिला.

"तू मध्ये का थांबत नाहीस?"

"शब्द अर्धा टाकून मला थांबताच येत नाही, बाई. मी खूप प्रयत्न केला."

बाईंनी टेबलाची कड धरली. मोठ्या बाईंकडे बघायचा धीर होईना, म्हणून त्या मुलीकडेच बघत राहिल्या.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐका. तिथे थांबायचं नाहीये. व्हिडिओत मी थांबले, कारण मला दम पुरला नाही. आताशा पुरत नाही मला. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी लपवलं."

मागच्या बाकावर पेन थांबलेलं बाईंना न बघताच कळलं. झालं, त्यांना वाटलं, आपल्याच हाताने राजीनामा लिहून दिला.

"मग आमच्याबरोबर गाताना तुम्ही कुठे थांबणार?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.



"कुठेही थांबा ना, बाई," गुपचूप म्हणाली. अजून ती उभीच होती. "आम्ही असतो की गात. कळणार पण नाही कुणाला."

बाईंनी हात वर केला. मुलांनी ओळ उचलली, बाईही बरोबर निघाल्या. 'किना'वर त्यांचा श्वास संपला. त्यांनी तोंड मिटलं, छातीत हवा भरून घेतली आणि डोळे मिटून वाट पाहिली. शब्द तुटला नाही. मुलांनी तो पार टोकाला नेऊन ठेवला, आणि पुढच्या ओळीला बाई परत त्यांच्यात होत्या.

गाणं संपलं तेव्हा पडद्यावर अठ्ठावीस लाल ठिपके होते.

मोठ्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

"तो पडदा बंद करा जरा," त्या म्हणाल्या, "आणि ती ओळ परत एकदा म्हणा."