शेवटून दोघी

मित्रांनो, मी एक जुना फॉर्म्युला आहे. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, तरी म्हातारपण मलाही आले. देवळीच्या क्रीडाशिक्षिका पौर्णिमाताईंच्या लॅपटॉपवर, एका डॉक्युमेंटच्या कोपऱ्यात मी राहतो. आट्यापाट्या खेळणाऱ्या मुलींचा वर्धा जिल्ह्याचा संघ निवडण्यासाठी ताईंनी मला जन्म दिला.

माझे काम सोपे. एका मोठ्या यादीच्या पोटात गावोगावच्या छोट्या याद्या असत. प्रत्येक छोट्या यादीतल्या पहिल्या दोघी उचलायच्या आणि सगळ्यांची मिळून एक यादी करायची. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मी संघ हाती देई. ताई कौतुक करीत आणि मी फुगून जाई. पुढे मी कामापुरता मामा झालो. संघ दरवर्षी हरे, पण माझ्याकडे कोणी वळून पाहत नसे. फार वाईट वाटे.

यंदा यादी लागली आणि हिंगणीची कप्तान कोकिळा ताईंसमोर येऊन उभी राहिली. तिचे नाव नव्हते. वयाच्या नियमाने खेळण्याचे हे तिचे शेवटचे वर्ष होते.

"काऊन गं, तुहं नाव एवढं खाली काऊन?" ताईंनी हिंगणीची यादी उघडून विचारले.

"मॅडम, यादी कप्तानच लिहिते. सोताचं नाव वर लिहिनं बरं दिसते का? मी शेवटी, आन् माह्यावर उपकप्तान."

ताईंनी गावोगाव फोन लावले. सगळीकडे हीच रीत होती. इतकी वर्षे मी नेमक्या चांगल्या खेळाडूच गाळत आलो होतो.

सोबतचे आदेशसर म्हणाले, "सोपं आहे. सगळ्यायची एक यादी करू, आन् खालून संघापुरत्या कापून घेऊ."

तसे केले. सगळ्या मुली गिरडच्याच आल्या, कारण गिरडची यादी सर्वांत खाली होती.

ताई हसल्या. "आधी जोडून मंग कापलं तं असंच होईन, सर. आधी ज्याच्या त्याच्या यादीत कापू, मंग जोडू."

त्यांनी मला तसे नव्याने लिहिले. प्रत्येक यादीतल्या शेवटच्या दोघी घेऊन मी त्या जोडल्या, आणि संघात कोकिळा आली. मला असा आनंद कधीच झाला नव्हता.

अंतिम सामन्यात कोकिळा पाटीवर उभी राहिली. समोरच्या मुलींना ती पाटी शेवटपर्यंत ओलांडता आली नाही. चषक वर्ध्याला आला आणि त्याचा फोटो ताईंनी माझ्या शेजारीच लावला.

मित्रांनो, आम्हाला जन्म देऊन विसरू नका. आम्ही सांगितले तेवढेच करतो. कोणाला उचलतो आणि कोणाला गाळतो, ते अधूनमधून उघडून पाहत जा.

फोटोखालची नावे कोकिळेनेच लिहिली आहेत. स्वतःचे पुन्हा सगळ्यांत शेवटी. लिहू द्या तिला. मला आता शेवटून वाचता येते.