रंगूआत्याचं दुखणं

दोन वर्षं झाली, पण निमगावचा पानमळा आठवला की अजून अंगाला तो ओला गारवा लागतो. सुट्टीत मी आणि रंगूआत्या वेलांखाली फतकल मारून खुडलेली पानं चवडीत लावायचो आणि गावभरच्या बायकांच्या नकला करायचो. काय हसायचो!

त्या साली मात्र आत्या उभ्यानंच पानं लावी. भाकरीही अर्धीच खाई. मी खनपटीलाच बसले, तेव्हा कानाशी लागून बोलली. परसाकडं गेलं की रक्त पडतं. सासूलाही पडायचं, ती त्यातच गेली.

"मूळव्याधच हाय. बाजारादिवशी वैदू येऊन डाग देणार हाय."

"डागायच्या आधी बारामतीच्या डॉक्टरला दाखवू की!"

"पुरुषमाणसाला? त्यापरीस मेलेली बरी."

"तू नको बोलूस. मी बोलते!"

आत्याच्या नवऱ्यानं, कुंडलिकमामांनी, गाडी जुंपली. आत्या कडब्यावर कुशीला निजून आली.

दवाखान्यात आत्या पडद्याआड, डॉक्टर टेबलाशी, मधे मी. कान तापलेले, पण आवाज कसा खणखणीत लागला!

"दुखतं का, विचार."

"बसलं की काचेनं चिरल्यागत," पडदा बोलला. "मग दुपारपातुर आग."

"रक्त?"

"रेघभर. लालभडक."

"पू येतो? कोंब बाहेर येतो?"

"न्हाय गं बाई!"

नर्सबाईंनी आत जाऊन तपासलं. मग डॉक्टर म्हणाले, "ही मूळव्याध नाही. तिच्यात रक्त ठिबकतं, पण दुखत सहसा नाही. भगंदर असतं तर पू आला असता. यांना शौचाच्या जागी चीर पडलीय. भीतीनं खात नाहीत, म्हणून शौचाला खडा होतो, आणि खड्यानं चीर पुन्हा उकलते. डाग दिला असता तर हाल झाले असते. कोमट पाण्यात बसायचं, मलम लावायचं. पालेभाजी, ताक, भरपूर पाणी."

"विचार त्यास्नी," आत हुंदका फुटला, "सासूगत मरणार न्हाय न्हवं मी?"

"सासूबाईंचं काय होतं, ते आता कोण सांगणार? पण या चिरेनं कुणी मरत नाही."

आत नाक शिंकरलं गेलं. मग, "आन् ठेचा?"

"बरं वाटेपर्यंत बंद."

"मग मेलेच की!"

डॉक्टरसुद्धा हसले.

आता ओढ्यावर एखादी बाई लाजत कुजबुजली, की आत्या धुणं सोडून विचारते, "दुखतं का नुसतं ठिबकतं? पू येतो? मग लाजतीस काय, बारामती गाठ!" मधे बोलायला माझी गरजच उरली नाही. अभिमान वाटतो हो, पण जरा चुटपुटही लागते.