करवतीचा वाटा

माझ्या धाकट्या भावाला, हणमंताला, कानावर पेन्सिल ठेवायची सवय लागली ती परंदवडीजवळच्या कारखान्यात चिकटल्यावर. तिथं तो माल तपासणाऱ्यांत होता. म्हणजे दुसऱ्याने घाम गाळून केलेल्या कामाला पट्टी लावायची आणि नाक मुरडायचं. तेवढ्यावर त्याला वाटायला लागलं की जगात मोजमाप कळतं ते त्यालाच. जेवायला बसला तरी पेन्सिल कानावर. भाकरी मोडताना ती कालवणात पडायची, हा पुसून परत कानावर ठेवायचा. भाऊ असला म्हणून काय झालं, असल्या शहाण्यांची मला मनापासून चीड आहे.

वडील गेले ते सासष्ट सालच्या संक्रांतीला. त्यांच्यामागे आम्ही दोघंच. मुलीचंही नाव बापाच्या जमिनीला लागतं असा कायदा होऊन दहा वर्षं झाली होती, त्यामुळे तलाठ्याने सातबाऱ्यावर हणमंताच्या जोडीला माझं नाव चढवलं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने काय करायचं ते ठरलेलं आहे. भावाने लुगडं-चोळी द्यायची, बहिणीने हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची आणि डोळे पुसत सासरी निघून जायचं. मला लुगडं नको होतं. मला दार हवं होतं.

वलवणला आम्ही राहायचो ते घर मुळात गोठा. त्याच्या चार फुटी तोंडाला तेलाचे डबे ठोकून केलेला पत्रा होता. पावसाळ्यात वारा सुटला की तो पत्रा असा आपटायचा की शेजारचे विचारायचे, रात्री भांडण झालं का. गंमत म्हणजे आमचे मालक लोणावळ्याच्या एका लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. त्यांचं नाव कोंडाजी. मी घेत नाही, पण सांगायला हरकत नाही. खंडाळ्याच्या निम्म्या बंगल्यांच्या दारांच्या फळ्या त्यांच्या हातून चिरून गेल्या, आणि स्वतःच्या घराला पत्रा. शेठकडे दोन फळ्या मागायला त्यांची जीभ कधी उचलली नाही. अशा माणसाशी संसार केला की बायकोलाच जीभ वाढवावी लागते.

तर परंदवडीला आमच्या वावराच्या मधोमध एक फणस होता. लहानपणी त्याला पाणी मी घातलं होतं, हणमंताने फक्त गरे खाल्ले होते. तो फणस त्याने मला न विचारता पाडला आणि मग निरोप पाठवला, "आक्का, लाकूड अर्धं तुजं, अर्धं माजं. मातर सहीचं बघ." मला झाडाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण झाड पडलेलंच होतं, आणि अर्ध्या लाकडात माझं दार होत होतं. मी हो म्हणून कळवलं. अख्ख्या वावरातला हक्क एका दारापायी सोडायला निघाले होते, म्हणजे शहाणी मीही नव्हतेच.

चैत्रातल्या एका रविवारी तो ओंडका घेऊन वखारीत आला. चारही अंगांनी तासून चौकोनी केलेला, बारा इंच बाय बारा इंच, सात फूट लांब. वखारीला सुट्टी होती. शेठने तेवढी करवत वापरायची परवानगी दिली होती. हणमंताने खिशातून कागद काढून आमच्यापुढे वाचला. बारा इंचाचा ओंडका, इंचाची एक फळी, बारा फळ्या, सहा बहिणीला, सहा भावाला. खाली दोन रेघा ओढून सहीसुद्धा केली होती. मला सहाच हव्या होत्या. चार उभ्या आणि दोन चिरून आडव्या पट्ट्यांना.

कागद ऐकून आमचे मालक मान खाजवायला लागले.

"हनमंतराव," ते म्हणाले, "करवतीचं धरलं न्हाई."

"करवतीचं काय धरायचं, दाजी?"

"ती खाती न्हवं. एका कापाला दोन सूत."

हणमंत हसला. "करवत काय जेवाया बसली व्हय? तुमी रेगंवर चालवा, हिशोब मी केलाय."

आता हे अडाण्यालाही कळावं. करवतीचे दात एक आड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, नाहीतर पातं लाकडात अडकून बसेल. त्या दातांच्या वाटेत येईल तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. वखारीतली ती गोल करवत दोन सूत खायची, म्हणजे पाव इंच. बारा फळ्यांना अकरा काप. अकरा पाव म्हणजे पावणेतीन इंच लाकूड नुसतं भुशात जाणार. मी चौथी शिकलेली बाई, पण हे मला झोपेत कळत होतं, कारण माझी चूलच त्या भुशावर होती. डब्यात भुसा ठासून शेगडी पेटवायची, त्यावर मी वर्षानुवर्षं भाकऱ्या भाजल्या होत्या. कुठल्या दिवशी किती लाकूड चिरलं, ते मालकांनी तोंड न उघडताही मला पोत्यावरून समजायचं. करवत अशी खाते म्हणून मालक कधीही फळीला एक रेघ मारत नाहीत. दोन मारतात. एक फळी संपते तिथं आणि दुसरी, पुढची सुरू होते तिथं. मधली जागा करवतीची. हणमंताने ओंडक्याच्या तोंडावर एकेक रेघ मारली होती, बरोबर अकरा, टोक काढलेल्या पेन्सिलीने.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. मला बघायचं होतं, लाकूड कमी पडतंय हे कळल्यावर माझा भाऊ काय करतो.

मालकांनी करवत सुरू केली. ते अलीकडून ओंडका ढकलत होते आणि पलीकडून फळी धरून ओढायला मी. पहिला काप बरोबर रेघेवर घातला. पिवळाधमक भुसा माझ्या पायांवर पडला. फळी निघाली तशी हणमंताने पट्टी लावली आणि त्याचा चेहरा पडला. सात सूतच भरली. रेघेच्या दोन्ही अंगांनी करवतीने एकेक सूत खाल्लं होतं.

"दाजी, ही एक सूत कमी हाय."

"रेगंवर चालवा म्हनला न्हवं तुमी."

हणमंत ओंडक्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने अंगठा तोंडात घालून ओला केला आणि स्वतःच्याच रेघा पुसायला लागला. पट्टी लावून नवी रेघ मारली, इंच पुरा. म्हणाला, "आता रेगंच्या पल्याडनं घाला." एका कापात अक्कल आली माणसाला. फळी स्वतःची असली की अक्कल किती लवकर येते, ते मी त्या दिवशी पाहिलं. मग ती सात सुताची फळी उचलून त्याने माझ्या पायाशी ठेवली.

"ही तुज्यात धर, आक्का. तुजं घरचंच काम हाय, चालतंय."

त्यानंतरच्या सहा फळ्या त्याने आपल्या बाजूला रचल्या. एकेक पुऱ्या इंचाची, प्रत्येकीला चारही कोपऱ्यांत पट्टी लावून. दर कापागणिक करवत माझ्या वाट्याचं लाकूड खात होती आणि ते त्याला दिसत होतं. दिसत होतं म्हणून तर तो माझ्याकडे बघत नव्हता. सहावी निघाल्यावर ओंडका उरला साडेतीन इंचालाही थोडा कमी. त्यातून दोन पुऱ्या फळ्या निघाल्या आणि शेवटी एक सात सुताचा तुकडा. माझ्या पायाशी चार, त्याच्या बाजूला सहा.

मालकांनी करवत बंद केली. ते हणमंताकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग जमिनीकडे. तोंडातून शब्द नाही. त्या वेळी मला भावापेक्षा त्यांचाच जास्त राग आला होता.

"हणमंता," मी म्हणाले, "सहाला सहा ठरलं हुतं."

"ठरलं हुतं खरं. पर करवतीनं खाल्लं त्याला मी काय करू?"

"समदं माज्यातलंच खाल्लं व्हय?"

"माज्या आदी निघाल्या," तो म्हणाला. एवढंच. कारखान्यात माल तपासणारा माणूस, आणि ह्याला हे उत्तर पुरेसं वाटलं.

मी खराट्याने भुसा गोळा केला. दोन पोती भरली. एक पोतं त्याच्यापुढे ठेवून म्हटलं, "घे, अर्धा भुसा तुजा." मला वाटलं होतं निदान लाज वाटून मान खाली घालेल. त्याने पोतं उचलून पाहिलं आणि बैलगाडीत टाकलं. म्हणाला, "लीलाबाईच्या शेगडीला व्हईल." लीलाबाई म्हणजे त्याची बायको. मग हात झटकून पिशवीतून हक्कसोडीचा कागद काढला आणि शाईची डबी. अंगठ्यासाठी. आम्ही दोघं एका शाळेत गेलो होतो, त्याला बेरीज मी शिकवली होती, आणि हा माझ्यासाठी अंगठ्याची शाई घेऊन आला होता.

मी डबीला झाकण लावून ती त्याच्या हातात दिली.

"जमीन मोजू आता," मी म्हणाले. "अर्धी माजी, अर्धी तुजी."

दोन वर्षं तो मला भाऊबीजेला आला नाही. गावात सांगत फिरला की आक्का चार फळ्यांसाठी भावावर उठली. लोकांनाही तेच गोड लागतं. सासरच्या माणसांनी फूस लावली असंही बोलले. आमच्या मालकांनी कुणाला फूस लावली असेल हे ऐकून मी पोटभर हसले. त्या चार फळ्या मालकांनी पत्र्याच्या जागी उभ्या केल्या होत्या, दोन जाड, दोन पातळ. आडव्या पट्ट्यांना लाकूड नव्हतं म्हणून सुंभाने बांधल्या होत्या. असल्या दाराला मी दार म्हणत नव्हते.

शेवटी आमचे चुलते भिमाजीआबा मध्ये पडले आणि अडुसष्टच्या उन्हाळ्यात वावर मोजायचा दिवस ठरला. वावर दोनशे फूट रुंद. हणमंत टेप घेऊन आला, पेन्सिल कानावर होतीच. आबांनी विचारलं, "कुनाचं आदी मोजायचं?"

"माजं," मी म्हणाले.

हणमंताला काही वाटलं नाही. त्याने स्वतःच टेप धरला. पूर्वेच्या कडेपासून शंभर फूट भरले, मी वाकून तिथं दगडाने खुंटी ठोकली. पक्की ठोकली. मग म्हटलं, "आता हितनं फुडं बांध घाला. चार फुटी."

आबा म्हणाले, "बांध कुनाच्यात?"

"उरंल त्याच्यात."

हणमंताचा टेप हातातच राहिला. "आक्का, आसं कसं? माजं शहाण्णवच ऱ्हातंय. बांध दोघांचा आसतो."

"बांध काय जेवाया बसलाय व्हय? माजं आदी मोजलं."

दोन वर्षं हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. शेगडी पेटवताना, पाणी भरताना ते मनात म्हणून बघितलं होतं. त्याचा चेहरा पडला तेव्हा मला जे बरं वाटलं ते मी लपवणार नाही. मग माझी नजर आबांकडे गेली. म्हातारा माझ्याकडे बघत होता, आणि ते बघणं मला ओळखीचं वाटलं. वखारीत भुशात उभी राहून मी हणमंताकडे तसंच बघत होते.

तरी मी खुंटीवरचा हात काढला नाही. आईच्या पोटात आम्ही एकाच मातीचे घडलो होतो, हे मला त्या उन्हात कळलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

आमचे मालक इतका वेळ वावराच्या कडेला दगडावर बसून होते. ते उठले. माझ्याजवळ येऊन माझा हात बाजूला केला, जोरात नाही, फळी सरकवतात तसा, आणि खुंटी उपटली. टेपचं टोक हणमंताच्या हातातून घेतलं. अठ्ठ्याण्णव फुटांवर एक खुंटी ठोकली. तिथून चार फूट सोडून दुसरी. मग दोन्ही खुंट्यांपासून पायाच्या टाचेने मातीत रेघा ओढत पार वावराच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. दोन रेघा, मध्ये बांधाची जागा.

"हितं करवत दोगांच्यातलं खाईल," ते म्हणाले. बारा वर्षांच्या संसारात चारचौघांत मी त्यांचं ऐकलेलं हे सगळ्यांत मोठं वाक्य.

"वखारीत का न्हाई बोलला हे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"बोललो हुतो की. पैल्या फळीच्या आदी," ते म्हणाले. "तवा तू गप ऱ्हायलीस."

मी उपटलेल्या खुंटीचं भोक पायाने बुजवलं. हणमंत तोवर वाकून दोन्ही खुंट्यांमधलं अंतर पुन्हा मोजत होता, कुणी त्याला एखादं सूत फसवलं तर नाही ना म्हणून. चार फूट बरोबर भरले तसा तो सरळ झाला, आणि पेन्सिल कानावर ठेवून गाडीकडे गेला. गाडीतून दोन फळ्या काढून आणून त्याने मालकांच्या पायाशी टाकल्या. फणसाच्याच होत्या, पुऱ्या इंचाच्या. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी नुसत्याच पडून हुत्या."

दोन वर्षं घरात होत्या आणि सकाळी गाडीत घालून आणल्या होत्या. मी खुंटी ठोकत होते तेव्हाही त्या गाडीतच होत्या. फळ्यांना हात लावून जाडी बघावी असं वाटलं, पण तेवढं मात्र मी केलं नाही.